सुखाचें बिऱ्हाड आणि देवाचें पाचारण

जुबिली हा शब्द मूळचा इब्री लोकांचा. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें सात वेळां सात वर्षें लोटलीं म्हणजे पुढचें पन्नासावें वर्ष पवित्र मानावें, त्या वर्षीं देशभर शिंग फुंकावें, दासांस मोकळें करावें, परक्याच्या हातीं गेलेली जमीन मूळ धन्यास परत द्यावी आणि ज्यानें त्यानें आपल्या वतनाकडे व आपल्या कुळाकडे परत जावें, असा निर्बंध होता. कर्जानें गांजलेल्या आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील शेतकऱ्यास ती आज्ञा नुसती ऐकूनही समाधान वाटेल. अर्थात् जुबिली म्हणजे घरीं परतण्याचें वर्ष. असें असतां ह्या आनंदाच्या प्रसंगीं आम्ही वाचकांपुढें घर सोडून निघण्याचा विषय कां मांडावा, असा प्रश्न कोणासही पडेल.

त्याचें उत्तर सरळ आहे. ज्या धर्मग्रामाची जुबिली आपण साजरी करीत आहों, तो कोणी तरी आपलें घर सोडून निघाला म्हणूनच अस्तित्वांत आला. वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत कापूस आपोआप उगवत नाहीं. कोणी तरी सरकी पेरावी लागते. श्रद्धेचेंही तसेंच आहे. तेव्हां आपल्यापर्यंत हें बीं कोणीं आणिलें, त्यासाठीं त्यांनीं काय टाकिलें, आणि तीच हांक आज आपणांस आली तर आपण काय करावें, ह्याचा विचार ह्या वर्षीं न केला तर मग केव्हां करावयाचा? मंदिराच्या भिंतीस रंग देणें, मंडप घालणें, पाहुण्यांचा सत्कार करणें हें सर्व योग्यच आहे; परंतु एवढ्यानेंच जुबिली संपली असें समजणें आम्हांस धोक्याचें वाटतें. बसलेल्या माणसास आपण बसलों आहों हें कळत नाहीं, हाच बसण्याचा मोठा दोष होय.

पवित्र इतिहासाचा आरंभच मुळीं प्रस्थानानें होतो. अब्राहाम खास्द्यांच्या ऊर नगरांतून निघालेल्या कुळांतला. हारानांत त्याचें बिऱ्हाड चांगलें बसलें होतें. गुरेंढोरें होतीं, नोकरचाकर होते, आप्तस्वकीय होते. वय पंचाहत्तर वर्षांचें. ह्या वयांत आमच्याकडे मनुष्य शेतीवाडी मुलांच्या स्वाधीन करून ओसरीवर बसतो. अशा वेळीं देवानें त्यास देश, गोत आणि बापाचें घर सोडून निघावयास सांगितलें. आणि कोठें जावयाचें तें स्थळाचें नांवही सांगितलें नाहीं, पुढें दाखवीन एवढेंच सांगितलें. अब्राहाम निघाला. पुढें त्याचें सारें आयुष्य तंबूंत गेलें, आणि वचनदत्त देशांतली त्याच्या मालकीची पहिली जमीन म्हणजे पत्नीच्या कबरेसाठीं पैसे मोजून विकत घेतलेलें मखपेलाचें शेत.

आमच्या पुसद, दिग्रस, दारव्हा ह्या भागांतील बंजारा बांधवांस तंबूचें जीवन म्हणजे काय हें वेगळें सांगावयास नको. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून तांड्यानें देशभर फिरत; आगगाडी आली, लदेणीचा धंदा बसला, आणि तांडे एका जागीं स्थिर झाले. तरीही वस्तीस ते अजून तांडाच म्हणतात. आम्हांस ही गोष्ट मोठी बोधप्रद वाटते. ख्रिस्तसभेनेंही आपल्या पक्क्या, विटांच्या मंदिरांत बसून आपण मुळांत वाटसरू आहों हें नांव विसरूं नये.

आतां आम्ही आपल्याच महाराष्ट्राच्या मातींत जन्मलेल्या एका संताची हकीकत सांगतों. त्यांचें नांव बहुतेकांनीं ऐकिलें असेल. परंतु त्यांच्या चरित्रांतील ज्या वळणाकडे आम्हांस बोट दाखवावयाचें आहे, तिकडे लक्ष क्वचितच जातें.

संत गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसई येथें झाला. वसई त्या वेळीं पोर्तुगिजांच्या ताब्यांत होती. १५३४ च्या तहानें ती गुजरातच्या सुलतानाकडून त्यांस मिळाली होती. गोन्सालो ह्यांचे वडील पोर्तुगीज आणि आई वसईकडचीच. त्यांचें शिक्षण येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या हाताखालीं झालें, आणि सुमारें पंधराव्या वर्षीं ते ह्या धर्मगुरूंबरोबर जपानांत गेले. जपानी भाषा त्यांनीं चांगली आत्मसात केली. सुमारें आठ वर्षें त्यांनीं धर्मशिक्षकाचें काम केलें. लेंकरांस धर्मपाठ शिकविला, धर्मगुरूंचें बोलणें लोकांस समजावून दिलें. येशूसंघांत आपणांस घ्यावें अशी त्यांची मोठी उत्कंठा होती. परंतु ती विनंती मान्य झाली नाहीं.

येथें थोडें थांबावें. घरदार सोडून परक्या देशांत आलेला तरुण, उमेदीचीं आठ वर्षें सेवेंत घातलेलीं, आणि अखेरीस दार बंद! असा मनुष्य कडवट झाला तर नवल नाहीं. गोन्सालो ह्यांनीं धर्मसेवेचें काम सोडलें व व्यापार धरला. पूर्वेकडील बंदरांत त्यांचा माल जाऊं येऊं लागला. भाषेचें ज्ञान होतें, सचोटी होती, लोकांची ओळख होती, व्यापार भरभराटला. जगाच्या दृष्टीनें पाहतां वसईच्या ह्या मुलाचें नशीब उघडलें होतें.

पुष्कळांच्या कथा येथेंच संपतात. तारुण्यांत कांहीं तरी मोठें करावयाचें मनांत असतें, तें साधत नाहीं, मग मनुष्य पोटापाण्यास लागतो, पैसा मिळूं लागतो, आणि ती जुनी इच्छा ट्रंकेच्या तळाशीं ठेविलेल्या लग्नाच्या शालूप्रमाणें पडून राहते. पैसा मिळविणें हें पाप नव्हे. प्रामाणिक व्यापारी समाजाचा आधार असतो, आणि गोन्सालो ह्यांनीं व्यापारांत कांहीं गैर केलें असें कोठेंही नाहीं. परंतु जी हांक एकदां कानीं पडली होती ती व्यापाराच्या गडबडींतही थांबली नाहीं. फिलिपाईन बेटांतील मनिला शहरीं त्यांचा फ्रान्सिस्कन संघाच्या बंधूंशीं संबंध आला. त्यांनीं व्यापार मोडला आणि त्या संघांत साधा ब्रदर म्हणून प्रवेश केला. धर्मगुरूपदाचा मान त्यांस मिळावयाचा नव्हता. वाट्यास आली ती कमरेची दोरी, अनवाणी चालणें आणि दिलेलें काम करणें.

पहिल्या खेपेस पंधरा वर्षांचा मुलगा वसई सोडून निघाला, त्यांत तारुण्याच्या साहसाचाही भाग असूं शकेल. नवा देश पाहावा, समुद्र ओलांडावा, असें कोणत्या मुलास वाटत नाहीं? परंतु दुसऱ्या खेपेस एक प्रौढ, यशस्वी मनुष्य हातांत आलेलें सुख खालीं ठेवून निघाला. आणि तेंही ज्या मार्गावर पूर्वीं एकदां नकार मिळाला होता त्याच मार्गावर. आमच्या मतें हेंच खरें प्रस्थान होय. दारिद्र्य सोडून निघणें सोपें असतें. यश सोडून निघणें कठीण.

आणि पाहा, ज्या वर्षांस वाया गेलेलीं म्हणावें तींच देवानें कामास लाविलीं. १५९३ सालीं मनिलाच्या स्पॅनिश सुभेदारानें जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी ह्याजकडे वकिलात पाठविली. तिचे प्रमुख फादर पेद्रो बाप्तिस्ता हे होते. जपानी भाषा जाणणारा मनुष्य हवा होता. तो ब्रदर गोन्सालो ह्यांच्या रूपानें संघांत तयारच होता. हिदेयोशीनें १५८७ सालींच परदेशी धर्मगुरूंनीं देश सोडावा असा हुकूम काढिला होता, तेव्हां ह्या कामांतील धोका सर्वांस ठाऊक होता. तरीही ब्रदर गोन्सालो गेले, त्या बलाढ्य पुरुषासमोर उभे राहिले आणि दुभाष्याचें काम केलें. पुढें क्योतो नगरांत ह्या बंधूंनीं मंदिर बांधिलें आणि महारोग्यांसाठीं रुग्णालय चालविलें. ज्यांस कोणी शिवत नसे त्यांच्या जखमा धुणें, हें त्यांचें धर्मप्रसाराचें मुख्य साधन होतें.

१५९६ च्या ऑक्टोबरांत सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश गलबत वादळानें जपानच्या किनाऱ्यास लागलें. त्यावरील मालावरून तंटा माजला, संशय वाढला, आणि हिदेयोशीचा क्रोध ख्रिस्ती लोकांवर कोसळला. डिसेंबरांत क्योतो व ओसाका येथील बंधूंस अटक झाली. जानेवारी १५९७ मध्यें क्योतोच्या रस्त्यांत कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यांत आली, आणि भर हिंवाळ्यांत त्यांस नागासाकीपर्यंत नेण्यांत आलें. तो प्रवास सुमारें एक महिन्याचा होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेंकडीवर २६ जणांस क्रूसांवर चढवून भाल्यांनीं भोंसकण्यांत आलें. त्यांत फ्रान्सिस्कन संघाचे ६ जण होते: चार स्पेनचे, एक मेक्सिकोचा व एक आमच्या वसईचे. येशूसंघाचे तीन जपानी बंधु होते, त्यांत संत पौलो मिकी होत. बाकीचे १७ साधे जपानी प्रापंचिक. त्यांतील लुदोविको इबाराकी हा मुलगा अवघ्या बारा वर्षांचा होता. पवित्र पिता आठवे उर्बन ह्यांनीं १६२७ सालीं त्यांस धन्य म्हणून घोषित केलें, आणि नववे पायस ह्यांनीं ८ जून १८६२ रोजीं संतपदीं बसविलें. भारतांत जन्मलेले पहिले संत ते हेच संत गोन्सालो. वसईजवळ गास गांवीं त्यांच्या नांवाचें मंदिर आहे.

ह्या हकीकतीचा शेवट मात्र क्रूसावर होत नाहीं. पुढें जपानांत ख्रिस्ती धर्मास पूर्ण बंदी झाली. धर्मगुरु उरले नाहींत, मिस्सा बंद झाली, मंदिरें पाडलीं गेलीं. दोनशेंहून अधिक वर्षें गेलीं. नंतर जपानचें दार परकीयांस थोडें उघडलें, तेव्हां फ्रेंच धर्मगुरूंनीं नागासाकीच्या ओउरा भागांत ह्याच २६ रक्तसाक्षींच्या नांवें एक मंदिर बांधिलें. १७ मार्च १८६५ रोजीं उराकामी खेड्यांतील कांहीं माणसें तेथें आलीं आणि त्यांनीं फादर पेतिजाँ ह्यांस हळूच सांगितलें कीं, आमची श्रद्धा तीच तुमची श्रद्धा आहे; पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे? धर्मगुरूवांचून सात पिढ्या आईबापांनीं मुलांस प्रार्थना शिकविल्या होत्या आणि गांवच्या साध्या माणसांनीं स्नानसंस्कार दिले होते. आमच्या खेड्यापाड्यांत दर रविवारीं धर्मगुरु पोहोंचत नाहीं म्हणून जे निराश होतात, त्यांनीं उराकामीच्या शेतकऱ्यांचें स्मरण करावें. मूठभर माणसांनीं टाकिलेलें पाऊल कोठपर्यंत पोहोंचतें हें त्यांस स्वतःस कधीं दिसत नाहीं.

वसईचा मुलगा जपानांत गेला त्याच काळांत एक इंग्रज आमच्याकडे आला. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडांत झाला. त्या काळीं इंग्लंडांत कॅथलिक धर्म आचरणें हा गुन्हा ठरत होता. १५७५ सालीं रोममध्यें ते येशूसंघांत गेले. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून जहाजांत बसले आणि २४ ऑक्टोबरास गोव्यास उतरले. सहा महिन्यांहून अधिक असलेल्या त्या प्रवासाचें वर्णन त्यांनीं वडिलांस पत्रानें कळविलें. नंतर सुमारें चाळीस वर्षें ते गोव्यांत, मुख्यतः साष्टी प्रांतांत राहिले आणि १६१९ सालीं तेथेंच वारले.

त्यांनीं घर तर सोडिलेंच. परंतु त्याहूनही कठीण अशी एक वस्तु सोडिली, ती म्हणजे आपली भाषा. शिकलेल्या मनुष्यास परक्या भाषेंत पुन्हां लेंकराप्रमाणें बोबडें बोलावें लागणें ह्यासारखा मानभंग नाहीं. स्टीफन्स ह्यांनीं तो सोसला, आणि इतका पूर्णपणें सोसला कीं १६१६ साली त्यांचें ख्रिस्तपुराण सुमारें अकरा हजार मराठी ओव्यांत छापून निघालें. त्यांत त्यांनीं मराठी भाषेचें जें कौतुक केलें आहे, तें आजही आमच्या शाळांतील मुलांस पाठ असतें. पोर्तुगीज सत्तेखालीं तो ग्रंथ रोमन लिपींत छापावा लागला. परंतु त्याचा प्राण मराठीच राहिला. आपल्या देशाचा धर्मगुरु इंग्रजी शब्दांवांचून बोलूं शकत नाहीं अशी वेळ जेव्हां येते, तेव्हां ह्या इंग्रज धर्मगुरूचें स्मरण आम्हांस उपयोगी पडतें.

आतां आपल्या प्रांताकडे येऊं. नागपूर व वऱ्हाड ह्या भागांत कॅथलिक धर्मसेवेचा पाया ज्यांनीं घातला, ते संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नांवाच्या संघाचे धर्मगुरु सव्हॉय प्रांतांतून आले. सव्हॉय हा आल्प्स पर्वतांतला डोंगराळ मुलूख. १८६० पर्यंत तो सार्डिनियाच्या राज्यांत होता, नंतर फ्रान्सकडे गेला. ह्या संघाचे पालक संत फ्रान्सिस द सेल्स हे स्वतः सुखाचें बिऱ्हाड मोडलेले पुरुष होते. त्यांचा जन्म १५६७ चा. घराणें खानदानी, पादुआच्या विद्यापीठांत त्यांनीं कायद्याची उच्च पदवी घेतली होती. वडिलांच्या मनांत मुलानें मोठें सरकारी पद घ्यावें, चांगल्या घराण्यांतील मुलीशीं लग्न करावें, असें होतें. मुलानें धर्मगुरुपद पत्करलें आणि १५९४ सालीं शाब्ले प्रांतांत, जेथें कॅथलिक धर्म जवळजवळ नाहींसा झाला होता, तेथें पायीं जाण्याचें काम मागून घेतलें. लोक प्रवचनास येईनात, तेव्हां ते हातानें पत्रकें लिहून लोकांच्या दारांखालून आंत सरकवीत. म्हणूनच १९२३ सालीं पवित्र पिता अकरावे पायस ह्यांनीं त्यांस पत्रकारांचे पालकसंत ठरविलें.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर सव्हॉयमधील खेड्यांची धर्मस्थिति बिकट झाली होती. ती सुधारण्यासाठीं फादर पिएर मारी मेर्मिए ह्यांनीं १८३८ सालीं आन्सी येथें हा संघ स्थापिला. मूळ काम आपल्याच प्रांतांतील खेडोपाडीं फिरून लोकांस पुन्हां श्रद्धेकडे वळविण्याचें. काम पुष्कळ होतें, माणसें थोडीं होतीं. घरचेंच शेत नांगरावयाचें पडलें असतां परगांवीं बैल कशास पाठवावे, असें म्हणावयास पूर्ण जागा होती. तरी संघ स्थापन होऊन सात वर्षें होतात न होतात तोंच, १८४५ सालीं, त्यांनीं आपलीं माणसें हिंदुस्थानास पाठविलीं. तीं १८४६ सालीं विशाखापट्टणास पोहोंचलीं. त्यांच्याकडे सोंपविलेला मुलूख पूर्व किनाऱ्यापासून थेट नागपूरच्या पलीकडे पसरला होता.

त्या वेळीं हिंदुस्थानांत आगगाडी नव्हती. पहिली गाडी १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास गेली आणि नागपुरास रेल्वे १८६७ मध्यें आली. तोंपर्यंत किनाऱ्यापासून कामठीच्या छावणीपर्यंत शेंकडों मैलांचा जंगलाचा मार्ग बैलगाडीनें किंवा घोड्यावरून कंठावा लागे. बर्फाच्या डोंगरांत वाढलेल्या माणसांस नागपूरचा वैशाख कसा लागला असेल, ह्याची कल्पना आमच्या वाचकांनींच करावी. त्यांची मातृभाषा फ्रेंच येथें कोणास कळत नसे. छावणीतील आयरिश सैनिकांसाठीं इंग्रजी, किनाऱ्यावर तेलुगु, आणि इकडे मराठी व हिंदी, असें त्यांस पुन्हां पुन्हां विद्यार्थी व्हावें लागलें. १८७० सालीं नागपुरांत संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नांवाची शाळा सुरू झाली. १८८७ सालीं नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला व बिशप आलेक्सी रिकाझ हे त्याचे पहिले बिशप झाले. पुढें ८ मे १९५५ रोजीं अमरावतीचा धर्मप्रांत निराळा करण्यांत आला आणि आमचा यवतमाळ जिल्हा त्यांत आला. त्याचे पहिले बिशप जोसेफ रोझारियो ह्यांनीं १९९५ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षें, त्याची धुरा वाहिली. १९७७ सालीं औरंगाबादचा भाग वेगळा होऊन त्याचाही धर्मप्रांत झाला. एका कामठीच्या छावणीपासून निघालेल्या वाटेस अशा शाखा फुटत गेल्या.

आपल्या विभक्त बांधवांविषयींही येथें दोन शब्द लिहिणें न्याय्य होईल. यवतमाळ शहरांत १९५३ सालीं युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. तीस वर्षें हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतील तरुण आपापलीं घरें सोडून ह्या आडबाजूच्या गांवीं शिकावयास येत, आणि शिकून कोठल्या कोठें सेवेस जात. १९८३ सालीं ती संस्था पुण्यास गेली. ज्या यवतमाळास लोक मागासलेलें म्हणतात, त्या यवतमाळाकडे एके काळीं देवाच्या कामासाठीं लोक दुरून चालत आले, ही गोष्ट आपण विसरूं नये.

आतां एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कोणी म्हणेल, फादर, घर सोडून निघणें हें जर एवढें पुण्याचें, तर आमचीं अर्धीं मुलें पुण्यास, मुंबईस, नागपुरास गेलीं आहेतच. मजूर कुटुंबें दर वर्षीं ऊसतोडीस जातात. तीं सर्व संतच म्हणावयाचीं काय? ह्यावर आमचें उत्तर असें कीं, प्रत्येक प्रस्थान देवाच्या पाचारणाचें नसतें. पोटासाठीं निघणारा मनुष्य दोषी नाहीं, त्याचे कष्ट देव पाहतो. परंतु बायकामुलांस वाऱ्यावर टाकून, म्हाताऱ्या आईबापांस एकटें ठेवून, किंवा कर्तव्याचा कंटाळा आला म्हणून जो निघतो, त्यानें देवाचें नांव मध्यें आणूं नये. प्रभु येशूनें आपली माता क्रूसावरूनही योहानाच्या स्वाधीन केली; आपल्या माणसांची तजवीज न करितां तो गेला नाहीं.

मग खरी हांक कशी ओळखावी? आम्ही जीं चरित्रें वर दिलीं त्यांतच तिच्या खुणा आहेत. पहिली खूण ही कीं, ती टिकते. गोन्सालो ह्यांस नकार मिळाला, पैसा मिळाला, वर्षें गेलीं, तरी ती थांबली नाहीं. क्षणाचा उमाळा असता तर पहिल्या नफ्याबरोबर विरून गेला असता. दुसरी खूण ही कीं, तिच्यांत दुसऱ्याचें हित असतें. क्योतोच्या महारोग्यांस तिचा लाभ झाला, मराठी माणसास तिच्यामुळें एक पुराण मिळालें. तिसरी खूण आज्ञाधारकपणाची: ह्यांपैकीं कोणीही आपल्या मनास येईल तिकडे गेला नाहीं, ज्यास त्यास पाठविण्यांत आलें. आणि चौथी, जी आम्हांस सर्वांत खात्रीची वाटते, ती ही कीं, खरें पाचारण मनुष्यास खालच्या जागेवर बसावयास तयार करितें. व्यापारी साधा ब्रदर झाला, विद्वान विद्यार्थी झाला, खानदानी घरचा मुलगा दुसऱ्यांच्या दारांखालून पत्रकें सरकवूं लागला. ज्या हांकेनें आपला मानच वाढतो, ती हांक दोनदां तपासून पाहावी.

आणखी एक गोष्ट. पाचारणासाठीं समुद्र ओलांडावाच लागतो असें नाहीं. पवित्र मरियेनें देवदूतास होकार दिला तो नासरेथांतल्या आपल्या घरींच. परंतु त्या होकारांत तिनें आपल्या आयुष्याची आंखलेली सारी योजना सोडून दिली. शरीर घरीं ठेवूनही मनुष्य निघूं शकतो, आणि शरीरानें विलायतेस जाऊनही मनुष्य मनानें आपल्या ओसरीवरच बसलेला असूं शकतो.

ह्या आपल्या जिल्ह्यांत निघण्याजोगीं ठिकाणें पुष्कळ आहेत. केळापूर, घाटंजी, मारेगांव, झरी ह्या भागांत कोलाम लोकांचे पोड आहेत. पावसाळ्यांत तेथवर चिखल तुडवीत जावें लागतें. तेथील आजाऱ्यास दवाखान्यापर्यंत आणणें, तेथील मुलांस अक्षरओळख करून देणें, आणि आधीं त्यांची कोलामी भाषा थोडी तरी कानावर घेणें, हें काम यवतमाळच्या घरांत बसून होणारें नाहीं. दुसरें ठिकाण त्याहून जवळ आहे. कापसाच्या ह्या जिल्ह्यांत कर्जापायीं किती शेतकऱ्यांनीं आपला जीव दिला, हें सर्व देशास ठाऊक आहे. २००६ सालीं पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः विदर्भांत आले आणि यवतमाळासह सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर झाली. सरकारनें करावयाचें तें सरकार करो. परंतु ज्या घरांत कर्ता पुरुष महिनाभर कोणाशीं बोललेला नाहीं, त्या घराचा उंबरठा ओलांडण्यास योजना लागत नाहीं, शेजारी लागतो. आपल्या ओट्यावरून त्याच्या ओट्यापर्यंतचें अंतर वीस पावलांचें असेल. पण पुष्कळ वेळां नागासाकीहून तेंच लांब वाटतें. काय बोलावें, तो काय म्हणेल, पैसे मागेल काय, लोक काय म्हणतील, असे शंभर विचार आड येतात. हे विचार म्हणजेच आपलें सुखाचें बिऱ्हाड होय. तें मोडून निघावें.

आईबापांसही आमची एक विनंती आहे. गोन्सालो ह्यांची आई वसईची साधी बाई होती. पंधरा वर्षांचा मुलगा जहाजावर चढला तेव्हां तिच्या मनास काय वाटलें असेल तें आई असलेल्यांनींच जाणावें. आज आपल्या घरीं मुलगा अथवा मुलगी धर्मगुरु होण्याची, सिस्टर होण्याची, किंवा शहरांतली नोकरी न धरितां खेड्यांत शिक्षक अथवा परिचारिका होण्याची गोष्ट बोलली, तर पहिल्याच दिवशीं तिचें हंसें करूं नये, रागही करूं नये. त्या इच्छेची परीक्षा घ्यावी, ती टिकते कीं काय तें पाहावें, आणि टिकली तर आडवें येऊं नये. देवास उसनें दिलेलें लेंकरूं तोट्यांत जात नाहीं, हा ख्रिस्तसभेचा जुना अनुभव आहे.

म्हणून, प्रिय धर्मबंधुभगिनींनो, ह्या जुबिलीच्या वर्षीं आपण आपल्या वतनाकडे परतूं या, असेंच आम्हीही म्हणतों. फक्त आपलें खरें वतन कोठें आहे एवढें ध्यानांत असावें. अब्राहामानें तें तंबूच्या दारांतून दूर पाहिलें, आणि संत गोन्सालो ह्यांनीं तें नागासाकीच्या क्रूसावरून जवळ पाहिलें. सव्हॉयच्या त्या धर्मगुरूंपैकीं कित्येकांचीं हाडें आपल्या प्रांताच्या मातींत आहेत. त्यांचे गांव त्यांस पुन्हां दिसले नाहींत, परंतु त्यांनीं वाट चुकली नाहीं. त्यांनीं उघडलेल्या वाटेनें श्रद्धा आपल्या दारापर्यंत आली. आपल्या दारापासून ती पुढें कोणाच्या दारापर्यंत जावयाची, हें आपणच ठरवावयाचें आहे. परमेश्वर ह्या धर्मग्रामास निघण्याचें धैर्य देवो, आणि पवित्र मरिया व संत गोन्सालो गार्सिया आपणांसाठीं विनंती करोत. आमेन.